नाही म्हणेल तो खाली

सांगलीची गाडी सकाळी सव्वासहाला चेंबूरला थांबते असं तिकिटावर लिहिलेलं असतं. ती थांबत नाही, नुसती हळू होते. क्लीनरनं आधी माझी बॅग खाली दिली, मग भडंगाची पिशवी, मग मला. दोन्ही पायांत चप्पल आहे ना हे मी बघतोय तोवर गाडी दिसेनाशी झाली. मुंबईच्या उपनगरांचं मला घडलेलं पहिलं दर्शन हे असं: उड्डाणपुलाचा एक खांब, त्यावर चिकटवलेल्या शिकवण्यांच्या जाहिराती आणि घाटकोपरला यायला तयार नसलेले तीन रिक्षावाले. चौथा तयार झाला. "बैठो काका, लेकिन भटवाडी के अंदर नहीं जाएगा." म्हणजे मला जिथं जायचं होतं तेवढं सोडून बाकी सगळीकडं तो न्यायला राजी होता.

मी मुंबई बघायला आलो नव्हतो, मुलाला परत न्यायला आलो होतो. मनोज, म्हणजे आमचा मन्या, वय वर्षं छत्तीस. पुण्यातली इंजिनिअरची बरी नोकरी सोडून अकरा वर्षांपूर्वी इथं आला. कशासाठी? तर 'आयत्या वेळचे' नावाच्या एका टोळीत नाटकं करायला. नाटक हा शब्द मी आपला सवयीनं लिहिला. त्यांच्याकडं नाटक नसतं. संहिता नसते, तालमीत पाठ केलेलं काही नसतं. प्रेक्षकांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहून द्यायचं, यांनी त्यावर आयत्या वेळी सुचेल ते बोलायचं आणि लोकांनी हसायचं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. एकोणीस वर्षं हा उद्योग चाललाय आणि कोणी तक्रार केलेली नाही.

मला याचा एवढा राग का, तेही सांगून टाकतो. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, पण ती झाली पोटाची गोष्ट. चौतीस वर्षं मी आमच्या हौशी मंडळाचा प्रॉम्प्टर होतो. विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात बॅटरी. नटाचं वाक्य अडलं की ते त्याच्या कानापर्यंत पोचवायचं आणि पहिल्या रांगेलासुद्धा कळू द्यायचं नाही. लिहिलेल्या वाक्यातला एक 'च' कोणी गाळला तरी माझं जेवण जायचं नाही. आणि माझ्याच पोटच्या पोरानं असला धंदा काढावा, जिथं माझ्यासारख्या माणसाला स्टूलसुद्धा लागणार नाही!

असो. आमच्या मंडळाचा नायक बापू आता एका शिक्षण संस्थेचा सचिव आहे. त्यानं महाविद्यालयाच्या ऑफिसात मन्यासाठी कायमची जागा धरून ठेवली होती. सोमवारी सकाळी अकराला मन्यानं त्याच्यासमोर उभं राहायचं, एवढंच. "अकराच्या पुढं मला धरून ठेवता येणार नाही गड्या," असं बापूनं बजावलं होतं. आणि आमची ही म्हणाली होती, "घेऊनच या त्याला." तिनं मन्याच्या खोलीतल्या गादीला नवी खोळही शिवली होती.

भटवाडी घाटकोपरच्या टेकडीवर चढत गेलेली आहे. मन्याची खोली तिथं, तिघांत मिळून. बाकीचे दोघे कामावर गेले होते. मन्या दिवसा फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करतो, त्यानं त्या दिवसाची रजा टाकली होती. दार उघडून पाया पडला. वाळला होता. मी बॅग खाली ठेवायच्या आतच सांगून टाकलं: सोमवार, अकरा वाजता, बापूचं ऑफिस, रविवारच्या संध्याकाळची बोरिवलीहून दोन तिकिटं काढलीत.

"बघू ना अण्णा," तो म्हणाला. "आधी चहा घ्या."

'बघू ना' हा मुंबईतला शब्द आहे. (अर्थ हो असा नाही, आणि नाही असाही नाही.) तीन दिवसांत मी तो इतक्या वेळा ऐकला की कान किटले.

"आज अंधेरी, उद्या मुलुंड, परवा बोरिवली. तीन प्रयोग आहेत," तो म्हणाला. "अकरा वर्षांत तुम्ही एकही बघितला नाहीत. हे तीन बघा, मग बोलू."

"वांझ म्हैस तीनदा बघितली म्हणून दूध देते होय रे?"

तो हसला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोनं गेलो. स्टेशनात शिरताना माझी भडंगाची पिशवी यंत्रातून गेली आणि पलीकडच्या बाईंनी ती अडवली. "अंदर क्या है?" मी म्हटलं, "भडंग." "वो क्या होता है?" आता सांगलीच्या माणसाला हा प्रश्न! मी पिशवी सोडली, त्यांच्या ओंजळीत मूठभर घातलं आणि म्हटलं, खाके देखो. त्यांनी खाल्लं, शेजारच्या शिपायाला दिलं, आणि मग त्या दोघांनी मला ज्या आदरानं आत सोडलं तेवढा आदर पुढच्या तीन दिवसांत मला कोणी दाखवला नाही. मेट्रो थंडगार आणि स्वच्छ. खाली बघावं तर पत्रे, ताडपत्र्या आणि त्यांवर वाळत घातलेली धुणी. प्रत्येक जण फोनमध्ये मान घालून बसलेला, मन्यासुद्धा.

अंधेरीचं 'नाट्यगृह' म्हणजे एका कॅफेचा माळा निघाला. (कॅफे म्हणजे चहाचं हॉटेल, पण चहा मागितला तर वाईट वाटून घेतात.) पन्नासेक खुर्च्या, एकीसारखी दुसरी नाही. पडदा नाही, विंग नाही. मी आधी विंग कुठं ते शोधलं, आणि नाही म्हटल्यावर तिथंच माझं मन उडालं. समोर एक सतरंजी अंथरलेली आणि तिच्यावर सगळे अनवाणी. मधोमध साठी ओलांडलेली एक ठेंगणी बाई उभी, एका हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात पितळी घंटा. या सुनंदाताई कांबळे, टोळीच्या म्होरक्या. पालिकेच्या दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त.

"मंडळी," ताई म्हणाल्या, आणि आवाज असा खणखणीत की मी आपोआप ताठ बसलो, "चिठ्ठी तुम्ही टाकायची, काढणार मी, खेळणार ही पोरं. समोरचा जे बोलेल ते खरं मानायचं. तो म्हणाला तू हत्ती, तर तू हत्ती. वाद नाही. इथं 'नाही' म्हणायचं नाही. नाही म्हणेल तो..."

"खाली!" सगळा माळा ओरडला. त्यांना पाठ होतं. म्हणजे एवढं एक वाक्य तरी यांच्याकडं पाठ केलेलं आहे म्हणायचं.

खाली म्हणजे काय, तर जो नट दुसऱ्याचं म्हणणं नाकारेल त्याच्यासाठी ताई घंटा वाजवतात. त्यानं सतरंजीवरून उतरायचं, प्रेक्षकांत रिकामी खुर्ची बघून बसायचं आणि त्या दिवशी पुन्हा वर जायचं नाही. दुसरी रीत डब्याची. जी चिठ्ठी निघाली नाही ती फेकत नाहीत, पुढच्या खेळाला तशीच डब्यात राहते. तळाशी म्हणे एकोणीस वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्या आहेत. आमच्याकडं रद्दीवाला महिन्याला येतो.

पहिली चिठ्ठी निघाली: 'लिफ्ट बंद आहे.' मन्या लिफ्ट झाला. चार वर्षं मी ज्याच्या इंजिनिअरिंगची फी भरली तो माझा मुलगा पन्नास माणसांसमोर दोन हात पसरून लिफ्ट झाला आणि चौथ्या मजल्यावर अडकला. लोक पोट धरून हसले. मी छताचा पंखा बघत बसलो.

दुसऱ्या खेळात सावंत नावाचा एक टकला गृहस्थ होता. समोरच्या मुलीनं त्याला सांगितलं, "अहो, माझे आईबाबा आपल्याकडे कायमचे राहायला आलेत." सावंताच्या तोंडून सटकन गेलं, "नाय नाय!" घंटा वाजली. सावंत घाम पुसत खाली आला आणि नेमका माझ्या शेजारी बसला.

"तुमी मनोजचे वडील ना?" तो कुजबुजला. "पिशवीवरून वळाखलंय (ओळखलं)."

"तुम्हाला एवढं साधं 'हो' म्हणता येईना होय?"

"काय सांगू अण्णा! सासरा खरोखरच येऊन राहिलाय. तीन महिने झाले." त्यानं कपाळावर हात मारून घेतला. हा सावंत वीज कंपनीत मीटर वाचतो. बाप गिरणीत होता, मूळ गाव कणकवलीच्या बाजूला, आणि घाई झाली की तोंडात मालवणी येते. मी त्याला विचारलं, आमचा मन्या कितीदा खाली येतो?

"मनोज? अकरा वर्षांत एकदा पण नाय. कोणी काय पण सांगू दे, तो हो बोलतो. त्याच्यासारखा दुसरा नाय आमच्यात." सावंताच्या आवाजात असा अभिमान होता की जणू मन्यानं गड सर केलाय. मी कपाळाला आठी घातली. छत्तीस वर्षांच्या माणसाचं कर्तृत्व काय, तर त्याला कधी नाही म्हणता आलं नाही.

शनिवारी दुपारी मन्यानं मला घाटकोपरच्या खाऊगल्लीत नेलं. तिथं डोशाचा जो छळ चालतो तो सांगून खरा वाटणार नाही. तव्यावर डोसा पसरतात इथवर ठीक. मग त्यावर लोणी, मग कांदा, सिमला मिरची, मग शेव, मग चीज असं किसतात की डोसा दिसेनासा होतो, आणि शेवटी कापून गुंडाळ्या करून उभ्या ठेवतात. एक चॉकलेटचा पण होता. पलीकडं एक काकू आपल्या नातवाला तो भरवत होत्या आणि नातू रडत होता. पोराला कळत होतं.

"येणार ना रे सोमवारी?" मी विचारलं.

"अण्णा, तुम्ही अजून एक घ्या ना. साधा सांगू?"

"मी डोशाचं विचारत नाही."

"बघू ना," म्हणून तो पैसे द्यायला उठला. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण काहीतरी म्हण की लेका! नकार ऐकून भांडायची माझी सगळी तयारी होती. वाक्यंसुद्धा ठरवून आलो होतो. समोरचा नाही म्हणेना त्यामुळं ती वाक्यं माझ्याच घशात राहिली.

मुलुंडला बसनं गेलो. डाव्या हाताला जुन्या कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर (म्हणजे आपली आळीच, फक्त उभी केलेली), उजव्या हाताला पाडायला काढलेल्या इमारती. प्रयोग एका सोसायटीच्या गणपतीच्या मंडपाच्या शेडमध्ये होता. प्लास्टिकच्या खुर्च्या, गुजराती आणि मराठी कुटुंबं, मागं कोणीतरी ढोकळा वाटत होतं. सुरू व्हायला वेळ होता. सुनंदाताई पायरीवर बसून कटिंग (अर्धा कप चहा) पीत होत्या, मलाही एक दिला.

"मनोज सांगत होता, तुम्ही प्रॉम्प्टर होतात."

"होतो. तुमच्यात त्याची गरज नाही."

"राग आहे वाटतं?"

"राग कसला बाई. बोलाचाच भात, बोलाचीच कढी. पाठांतराचे कष्ट नकोत म्हणून काढलेला हा खेळ आहे."

मला वाटलं चिडतील. त्यांनी शांतपणे चहा संपवला. "आमचे वडील लातूरकडचे," त्या म्हणाल्या. "इथं वस्तीत जलसा करायचे. समोर कोण बसलंय बघून तिथल्या तिथं बोल रचायचे. सावकार बसला असेल तर सावकारावर, मुकादम असेल तर मुकादमावर. कुठं लिहिलेलं होतं ते? तमाशातला सोंगाड्या बतावणी करतो ती काय वही बघून?"

"सोंगाड्याची जीभ हजार रात्री घासलेली असते. तुमची पोरं लिफ्ट होतात."

"हजार खेळ आमचेही झालेत, अण्णा," त्या उठत म्हणाल्या. "फक्त वही नाही."

उत्तर माझ्याकडं होतं, पण ते मला बसमध्ये परतताना सुचलं. असल्या लोकांशी वादात हीच पंचाईत, आयत्या वेळी बोलण्यात ते तयार असतात.

त्या दिवशी मी प्रयोग बघितला नाही, पाय बघितले. ही आमची जुनी खोड. नट थांबला तर तो अभिनयासाठी थांबलाय की विसरलाय हे तोंडावरून ओळखता येत नाही. तोंड खोटं बोलायला शिकलेलं असतं. विसरलेल्याचे पाय सांगतात. कोणी टाच उचलतो, कोणी अंगठा घासतो. मन्या दुसरीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मावळा झाला होता आणि ऐन वेळी विसरला. त्याच्या डाव्या पायाचा अंगठा वर उचलला गेला होता. मी विंगेतून वाक्य दिलं, अंगठा खाली आला. मुलुंडला दीड तास मी तो अंगठा बघत होतो. एकदाही हलला नाही. पोरगं जे करत होतं ते भिकार होतं, पण घाबरून करत नव्हतं, हे मला कबूल करावं लागतं.

मध्यंतरात मी पुन्हा गाठलं त्याला. "बापूला फोन करून काय सांगू?"

"अण्णा, आत्ता नको ना. प्रयोग चालू आहे."

मग माझं डोकं फिरलं. दारात चिठ्ठ्यांचे कोरे कागद ठेवले होते. एक घेतला आणि माझ्या ठळक, गोल अक्षरात लिहिलं: 'मुलगा मुंबई सोडून कायमचा घरी परत येतो.' आणि डब्यात टाकला. घ्या, करा यावर विनोद. पण ताईंच्या हाताला ती चिठ्ठी लागली नाही. निघाली 'मामाची जुनी स्कूटर' आणि निघालं 'पाणी जाणार आहे'. मी खुर्चीतच चरफडलो.

रविवारी सकाळी उठलो तर मन्या बॅग भरत होता. चार शर्ट, दोन पँटी, दाढीचं सामान. मी बघतोय हे बघूनही काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. हिला फोन करून हळूच सांगितलं, "येतोय गं." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मी जिंकलो होतो. मोठा आनंद व्हायला पाहिजे होता. पण तो शर्टाच्या घड्या घालत होता तेव्हा मी कशाला त्याच्या पायांकडं बघितलं देव जाणे. डाव्या पायाचा अंगठा वर होता.

बोरिवलीत त्यातल्या त्यात श्वास घेता येतो. राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर इमारतींच्या फटीतून दिसतात आणि रहिवासी ते स्वतःच उभे केल्यासारखे पाहुण्यांना दाखवतात. शाळेच्या सभागृहात प्रयोग होता, दुपारी चारला. इथं निदान खरा रंगमंच होता आणि विंगही होती. रिकामी. मी पहिल्या रांगेत कडेला बसलो, शेजारच्या खुर्चीवर भडंगाची पिशवी ठेवली. दोघांच्या बॅगा दाराशी होत्या. निघताना बापूलाही येतोय म्हणून कळवून टाकलं होतं. साडेसहाची गाडी.

तिसऱ्या खेळाला ताईंनी डब्यात हात घातला, खोल, कोपरापर्यंत. चिठ्ठी उलगडून वाचली. "मुलगा मुंबई सोडून कायमचा घरी परत येतो."

माझी कालची चिठ्ठी. ताईंनी रीतीप्रमाणं चिठ्ठी खेळणाऱ्याच्या हातात दिली आणि खेळायची पाळी होती मन्याची. त्यानं कागद बघितला. माझं अक्षर तो ओळखणार नाही? माझ्या प्रॉम्प्टच्या वह्यांवर तो वाचायला शिकला. त्यानं मान वर करून पहिल्या रांगेत बघितलं, आणि मी पिशवीच्या गाठीशी खेळत बसलो.

बाप झाला सावंत. आरामखुर्चीत बसल्यासारखा बसला आणि मालवणीत सुरू झाला. "इलंस रे झिला? (आलास का रे पोरा?) बरा केलंस. ती मुंबई काय माणसांनी ऱ्हवची जागा नाय." लोक हसले. मन्या बॅग ठेवल्यासारखं करून पाया पडला. दोनच दिवसांपूर्वी दारात पडला होता अगदी तसाच.

"नोकरी बघून ठेवलंय तुका," सावंत म्हणाला. तो बिचारा सुचेल ते बोलत होता, त्याला काय माहीत. "उद्या सकाळी हापिसात जाऊन उभो रव. काय? जातलंस मा? (जाशील ना?)"

मन्या गप्प.

आधी लोकांना तो अभिनय वाटला. हशा तयार ठेवून ते थांबले. मी पाय बघितले. डावा अंगठा वर. सावंतानं पुन्हा विचारलं, "जातलंस मा रे?" मन्याचे ओठ हलले, आवाज नाही. 'हो' म्हणायचं आणि खेळ पुढं न्यायचा, अकरा वर्षं तेच तर करत आला होता. ते येईना. आणि दुसरं म्हणायची त्याला बंदी. मागच्या रांगांत चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी खाकरलं.

रंगमंचावरची तसली शांतता मला सोसत नाही. चौतीस वर्षांत मी ती पाच मोजण्यापलीकडं जाऊ दिली नव्हती. मी बाप म्हणून विचार केला असता तर तोंड शिवून बसलो असतो. घरी गादीला नवी खोळ घातलेली होती. बापू अकरापर्यंत थांबणार होता. हे सगळं मला ठाऊक होतं. पण समोर माणसाचं वाक्य अडलं होतं आणि ते कोणतं आहे हे मला लख्ख दिसत होतं. ओठ न हलवता, छातीतून, नटाच्या कानापर्यंत पोचेल आणि पुढं सरकणार नाही अशा माझ्या जुन्या आवाजात मी ते दिलं.

"नाही म्हण."

मन्यानं माझ्याकडं बघितलं नाही. वाक्य मिळालं की नटानं विंगेकडं बघायचं नसतं, हे लहानपणीच शिकवलं होतं मी. अंगठा खाली आला.

"नाही," तो सावंताला म्हणाला. "मी नाही येत, अण्णा. मला इथंच राहायचंय. चांगलं जमत नसेल कदाचित, पण हेच करायचंय. मला नाही यायचं."

 मग ताईंनी घंटा वाजवली. सगळे ओरडले, "खाली!" आणि टाळ्या अशा सुरू झाल्या की थांबेनात, कारण नेहमीच्या लोकांना ठाऊक होतं की हा कधी खाली येत नाही. मन्या रंगमंचाच्या पायऱ्या उतरला. रिकामी खुर्ची एकच होती. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली, तो शेजारी बसला. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

"अण्णा, तुम्ही..."

"पुढं बघ. प्रयोग चालू आहे."

वर दुसरा खेळ सुरू झाला. कोणीतरी इस्त्रीवाला झालं होतं, कोणीतरी इस्त्री. अगदी टाकाऊ. आम्ही दोघांनी तो शेवटपर्यंत बघितला. मध्ये कधीतरी मन्यानं पिशवीत हात घालून भडंग घेतलं आणि मला चष्मा पुसायचं निमित्त काढावं लागलं.

प्रयोगानंतर सुनंदाताई दाराशी आल्या. "अण्णा, प्रेक्षकांनी मधे बोलायचं नसतं. एवढा तरी नियम पाळायचात."

"तुम्हाला ऐकू आलं?" मला खरंच धक्का बसला.

"मला नाही. पोराचा चेहरा बघितला मी." त्यांनी माझा हात हातात घेतला, नाडी बघावी तसा क्षणभर धरला आणि सोडला.

साडेसहाची गाडी सात वाजता आली. मन्या सोडायला आला होता, त्याची बॅग त्याच्याच खांद्यावर. भडंग मी त्यालाच दिलं. पाया पडला. मी म्हटलं, "त्या लिफ्टचं काहीतरी कर. लिफ्ट असली तरी हात एवढे पसरायचे नसतात." तो हो म्हणाला. माझ्या शेजारची खिडकीची जागा सांगलीपर्यंत रिकामी आली. हिला वाटेतूनच फोन करून सांगितलं. ती बराच वेळ रडली, मग म्हणाली, "जेवतो का नीट?" मी सांगितलं की तिथं डोशावर चीज किसतात.

मुंबईबद्दल माझं मत विचाराल तर ते बदललेलं नाही. चहा अर्धा, माणूस घाईत आणि नाटकाला विंग नाही. 'आयत्या वेळचे' पुढची एकोणीस वर्षं चालतील, कारण हसायला लोकांना काहीही पुरतं. कोणी सांगलीहून मुद्दाम बघायला जावं असं त्यात काही नाही.

सोमवारी अकराला मी बापूसमोर उभा राहिलो, एकटाच. त्यानं माझ्या मागं दाराकडं बघितलं.

"मन्या?"

"नाही येत."

"अरे, काल दुपारी तर येतोय म्हणून कळवलंस! अचानक नाही कसं म्हणाला तो?"

"त्याचं वाक्य अडलं होतं, बापू," मी म्हटलं. "मी दिलं."

तीस वर्षं माझ्या तोंडून वाक्यं घेतलेला माणूस तो. समोरचा नेमणुकीचा कागद त्यानं घडी करून खणात टाकला आणि शिपायाला हाक मारून दोन चहा सांगितले, पूर्ण.